वस्तीची भरभराट मोजायची असेल तर फॉर्म शेवटी छापा

सिमेंटचा रस्ता झाला. जुन्या डांबरावरच भर टाकून केला, म्हणून तो घरांच्या जोत्यापेक्षा वर आला आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी घरात शिरलं. मग कुणी पंप घेतला, कुणी दारापुढे विटांचा बांध घातला, कुणी फरशी उखडून सगळं घरच भरून घेतलं. रस्त्याचं कंत्राट, पंपाची विक्री, गवंड्याची मजुरी, हे सारं आर्थिक वाढीच्या हिशोबात जमेला पडतं. ज्याची गादी भिजली तो मात्र म्हणतो, "रस्ता नवता तेव्हाच बरं होतं जी." असं घर शोधायला नागपुरात फार फिरावं लागत नाही.

म्हणून हल्ली वस्त्यांतली मंडळी म्हणतात, आपलं बरं चाललंय की नाही ते आपणच मोजू. विचार चांगला आहे, पण क्रम उलटा होतो. आधी फॉर्म छापतात, मग घरोघर फिरतात, आणि भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन विचार करतात की आता याचं काय करायचं. पहिल्या वेळी मीही तेच केलं. ६४ प्रश्नांचे ते ३०० फॉर्म एका मित्राच्या माळ्यावर अजून पडून आहेत. खालचा क्रम त्यातून शिकलेला आहे. एका वस्तीला साधारण तीन महिने लागतात.

## तयारी : हद्द, माणसं, महिना

हद्द लहान ठेवा. महापालिकेच्या एका प्रभागात हजारो घरं असतात आणि नाल्याकाठची झोपडपट्टी व समोरची बंगल्यांची ओळ एकाच प्रभागात येते. तिथे सरासरी काढली की दोन्ही गायब. तीनशे ते पाचशे घरांचा एक ले-आउट (आखीव प्लॉटांची वसाहत) किंवा एक वस्ती पुरे. हद्द कागदावर काढा आणि पायी चालून बघा. नकाशावर न दिसणारी मागची बोळ चालतानाच सापडते.

गट आठ जणांचा. निम्म्या बाया हव्यात, एक तरी भाडेकरू हवा, आणि सगळ्यात खालच्या बाजूला, म्हणजे पाणी जिथे तुंबतं तिथे राहणारं कुणीतरी हवं. वस्तीतल्या पुढाऱ्याला कळवा, पण गटात घेऊ नका. तो वाईट माणूस असतो असं नाही. तो सोबत दारात उभा राहिला की प्रत्येक घर एकतर तक्रार करतं नाहीतर स्तुती.

महिना आधी ठरवा. नागपूर मे महिन्यात एक शहर असतं आणि जानेवारीत दुसरं. जानेवारीत "घरात झोप नीट लागते का?" विचाराल तर सगळे हो म्हणतील, मे महिन्यात पत्र्याखाली राहणारा तुमच्याकडे नुसता बघत राहील. वर्षातून एकदाच फेरी मारणार असाल तर मे महिन्याचा दुसरा पंधरवडा निवडा. दोनदा जमत असेल तर दुसरी ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आधी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक असते, तेव्हा कुणी घरी सापडणार नाही.

सावधान : एका वर्षी मे आणि पुढच्या वर्षी डिसेंबर अशी तुलना करू नका. हवामान बदललं इतकंच कळेल.

## टप्पा १ : मोजून काय ठरवणार ते लिहा

पहिल्या बैठकीत एकच काम करा. कोऱ्या कागदावर लिहा : या आकड्यांवरून आपण कोणते तीन निर्णय घेणार? उदाहरणार्थ, गणपतीच्या वर्गणीतले किती पैसे कशावर खर्चायचे. बचत गटाने कर्ज कशासाठी आधी द्यायचं. महापालिकेच्या झोन कार्यालयात कोणती मागणी पहिली न्यायची.

"जनजागृतीसाठी" हे उत्तर मान्य करू नका. ते लिहिलं की पुढे काहीही मोजता येतं, आणि मग काहीच उपयोगी पडत नाही. निर्णय सुचत नसतील तर महिनाभर थांबा. घाई कुणाचीच नाही.

## टप्पा २ : ऐकण्याच्या बैठका

निर्देशक, म्हणजे काय काय मोजायचं ते, इथून येतात. हाच टप्पा लोक गाळतात, आणि इंटरनेटवरून एखादी तयार यादी उचलतात. भूतानच्या सकल राष्ट्रीय आनंदाच्या निर्देशांकात ९ क्षेत्रं आणि ३३ निर्देशक आहेत. त्यांनी ते त्यांच्या देशासाठी ठरवले. नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक आरोग्य, शिक्षण आणि राहणीमानातल्या उणिवा मोजतो. त्यात १२ निर्देशक आहेत, त्यात स्वयंपाकाचं इंधन आणि बँक खातंही आहे. नागपूर शहरात बँक खातं जवळपास घरोघरी सापडेल आणि त्या रकान्यातून काहीच कळणार नाही. या याद्या वापरा, पण बैठका झाल्यावर, आपल्याकडून काही सुटलं का हे बघायला.

बैठका वेगवेगळ्या घ्या. बायांची दुपारी, एखाद्या अंगणात. ठिय्यावर (रोजंदारीच्या नाक्यावर) जाणाऱ्या मजुरांची रविवारी सकाळी. पोरांची पानठेल्याजवळ, जिथे ती तशीही असतात. म्हाताऱ्यांची संध्याकाळी. सगळ्यांना एकत्र सभागृहात बसवलंत तर चार माणसं बोलतील आणि चाळीस ऐकतील.

"तुम्हाला काय पाहिजे?" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे : गटार, लाईट, समाजभवन. त्याऐवजी हे दोन प्रश्न विचारा :

१. गेल्या वर्षभरात असा कोणता दिवस आला की वाटलं, आपलं बरं चाललंय?
२. असा कोणता दिवस आला की वाटलं, आता काही खरं नाही?

मग गप्प बसा. पहिली पाच मिनिटं अवघड जातात. एका बैठकीत एक बाई म्हणाल्या, "पाणी येते ना जी, पण रात्री अडीचले येते. मी भरते, तोवर झोप गेली. सकाळी पोरीचा डबा राह्यते." सरकारी तक्त्यात या घरापुढे "नळजोडणी : आहे" एवढंच लिहिलेलं असतं. दुसऱ्या बैठकीत एक रिक्षावाला भाऊ म्हणाला की त्याचा सगळ्यात चांगला दिवस म्हणजे ग्रुप लोनचा शेवटचा हप्ता फिटला तो. त्याच्या कमाईबद्दल तो एक शब्द बोलला नाही.

वाक्यं जशीच्या तशी लिहून घ्या, बोलीतच. "पाण्याची वेळेची समस्या" असं शुद्ध करून लिहिलंत की झोप आणि डबा दोन्ही गेले.

तपासून घ्या : किमान पाच बैठका झाल्या का? शेवटच्या बैठकीत नवं काही आलं नाही, जुनंच परत आलं, तर थांबा. अजून नवं निघत असेल तर आणखी एक घ्या.

## टप्पा ३ : वाक्यातून निर्देशक

भिंतीवर सगळी वाक्यं चिकटवा, सारखी वाटणारी जवळ आणा. आठ-दहा गट पडतील. प्रत्येक गटातून एक निर्देशक काढा. दहापेक्षा जास्त घेऊ नका. हा आकडा मी वाद घालून घालून इथवर आणला आहे, आता तो वाढवू नका.

प्रत्येक निर्देशकाला तीन कसोट्या लावा. दोन वेगळ्या माणसांनी मोजलं तर उत्तर एकच येईल का? वर्षभरात ते बदलू शकतं का? आणि त्यात काय बांधलं हे मोजलं जातंय की ते कुणाच्या कामी आलं हे? तिसरी कसोटी सर्वांत जास्त वेळा नापास होते. "वस्तीत बगीचा आहे" हे बांधकाम झालं. "गेल्या आठवड्यात घरातलं कुणी बगीच्यात अर्धा तास बसलं का?" हा निर्देशक.

आमच्याकडे टिकून राहिलेले काही :

पाणी. जोडणी विचारू नका. तास आणि वेळ विचारा. सकाळी ५ ते रात्री १० या वेळात पाणी आलं का? पिण्यासाठी कॅन विकत घेता का? कॅनचा खर्च वाढला की वाढीच्या आकड्यात भर पडते आणि इथे आपल्याकडे ती घट असते, हे गटाला एकदा नीट समजावून सांगा. पुढचा अर्धा लेख आपोआप कळेल. जमलं तर ओटी चाचणी करा, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाण्यातलं क्लोरीन तपासा. नळाच्या पाण्यात मुक्त क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर असावं, असं भारतीय मानक सांगतं. थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला नाही तर पाणी दिसायला कितीही स्वच्छ असो, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका.

उष्णता. हा निर्देशक मुंबई-पुण्याच्या यादीत तुम्हाला कदाचित सापडणार नाही, पण आपल्याकडे तो गाळणं म्हणजे डोळे मिटणं. साधा तापमापक घ्या आणि रात्री १० वाजता झोपायच्या खोलीत मोजा. पत्र्याचं घर आणि स्लॅबचं घर यांतला फरक एका रात्रीत दिसतो. "कूलर आहे का" हा प्रश्न अपुरा आहे. कूलर आहे पण बिलाच्या धाकाने बंद, असं अनेक घरांत असतं. कूलरच्या टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढता का, हेही इथेच विचारून घ्या. डेंग्यूचा डास तिथे आठ-दहा दिवसांत तयार होतो, आणि त्यानंतरचं दवाखान्याचं बिल पुन्हा वाढीतच मोजलं जातं.

वेळ. केंद्राच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाया त्याला दिवसाला २८९ मिनिटं देतात आणि ते काम करणारे पुरुष ८८, असं आलं. या मिनिटांची देशाच्या सकल उत्पादनात (जीडीपीत) किंमत शून्य. वस्तीत पूर्ण रोजनिशी भरून घेणं जमत नाही, आम्ही करून पाहिलं. एकच प्रश्न ठेवा : काल दिवसभरात स्वतःसाठी सलग अर्धा तास मिळाला का? प्रश्न बाईलाच विचारा. नवरा मध्येच "हो, मिळते ना तिले" म्हणतो. ते लिहून घेऊ नका.

कर्ज. एक हप्ता भरायला दुसरं कर्ज काढावं लागलं का, गेल्या सहा महिन्यांत?

शेजार. रात्री दोनला घरात पाणी शिरलं तर कुणाच्या दारावर थाप माराल? नावं नकोत, किती दारं ते सांगा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीला पूर आला. त्या पहाटे ज्यांच्या घरात पाणी घुसलं त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

बाकीचे तुमच्या भिंतीवरून काढा : मुलीचं संध्याकाळी एकटीने क्लासला जाणं, आजारपणात गेलेली मजुरी, कचरागाडीचं येणं.

## टप्पा ४ : रेषा आधी ओढा

प्रत्येक निर्देशकाला "एवढं म्हणजे पुरेसं" अशी रेषा हवी, आणि ती आकडे येण्याआधी हवी. रात्री दहाला खोलीत किती अंशांपर्यंत चालेल? किती दारं असली म्हणजे शेजार आहे? गटाने वाद घालावा, ठरवावं, तारीख टाकून सह्या कराव्यात.

आकडे आल्यावर रेषा ओढली तर ती सरकते. एका ठिकाणी "दोन दारं" अशी रेषा होती. निकाल वाईट आला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "एक दार असलं तरी काऊन नाही चालत?" आणि एका संध्याकाळीत वस्ती सुधारली.

तपासून घ्या : सह्यांचा कागद गटाबाहेरच्या एका माणसाकडे ठेवला का?

## टप्पा ५ : आता फॉर्म

एका पानाच्या दोन बाजू, त्याहून जास्त नाही. मोठा टाईप. प्रत्येक प्रश्नात काळ असावा : काल, गेल्या आठवड्यात, सहा महिन्यांत. "साधारणपणे" हा शब्द काढा. त्याचं उत्तरही साधारण येतं.

शेवटी एक शिडीचा प्रश्न घाला. शून्य ते दहा पायऱ्या. दहावी म्हणजे तुमच्या मनातलं सगळ्यात चांगलं आयुष्य, शून्य म्हणजे सगळ्यात वाईट. आज तुम्ही कोणत्या पायरीवर? जगभर आनंदाची मोजणी करताना हाच प्रश्न वापरतात. पण तो शेवटीच ठेवा आणि दहा निर्देशकांत मिसळू नका. हालात राहणारा माणूसही सवयीने सात सांगतो. शिडीवर सात आणि वरच्या दहा निर्देशकांत सहा गोष्टींची उणीव, हा फरक दिसावा म्हणूनच तो तिथे आहे.

दहा घरांत चाचणी करा. वीस मिनिटांपेक्षा जास्त लागली तर प्रश्न कापा. ज्या प्रश्नावर लोक "म्हणजे काय जी?" असं विचारतात तो बदला.

## टप्पा ६ : घरं निवडा

चारशे घरं असतील तर सगळी करायची गरज नाही. हद्दीत चालत प्रत्येक दाराला क्रमांक द्या. एकाच घरात मालक आणि दोन भाडेकरू असतील तर ते तीन क्रमांक. मग १ ते ५ मधली चिठ्ठी काढा, तीन आली तर ३, ८, १३, १८ असं पाचवं पाचवं दार. ऐंशी घरं मिळतात. यात टक्केवारी दहाएक अंकांनी इकडेतिकडे होऊ शकते, हे लक्षात ठेवा; दोन-तीन अंकांच्या फरकावर मिठाई वाटू नका.

कुलूप दिसलं तर शेजारच्या दारात शिरू नका. तीनदा परत जा, त्यात एकदा रात्री आठनंतर आणि एकदा रविवारी. दिवसा कुलूप असलेली घरं म्हणजे दोघंही कामाला जाणारी घरं. ती गाळली की कामकऱ्यांचं उत्तरच गळतं.

## टप्पा ७ : फेरी

जोडीने जा, एक विचारेल, एक लिहील. जोडीत एक बाई हवीच. आपल्याच गल्लीत जाऊ नका. शेजाऱ्याला कुणी कर्ज सांगत नाही.

दारात पहिलं वाक्य : हे सरकारी नाही, यावर कोणती योजना मिळणार नाही, नाही म्हटलं तरी चालेल. योजनेची आशा लावलीत तर प्रत्येक घर गरीब होऊन बोलेल. नाव आणि मोबाईल नंबर फॉर्मवर लिहू नका, फक्त क्रमांक. क्रमांकांची यादी वेगळ्या वहीत, आणि ती वही एकाच माणसाकडे. फॉर्मचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. हे तीनदा सांगूनही कुणीतरी टाकतं.

महिन्याची कमाई विचारू नका. खरी मिळत नाही, आणि पुढची उत्तरंही सावध होतात.

## टप्पा ८ : गणित

आधी सरासरीचा मोह सोडा. दहा घरांपैकी नऊ घरं महिन्याला १२ हजार कमावतात आणि एक घर १ लाख ९२ हजार, तर सरासरी ३० हजार येते. त्या दहांत ३० हजारवालं घर एकही नाही.

त्याऐवजी उणिवा मोजा. दहा निर्देशकांपैकी प्रत्येक घर किती ठिकाणी रेषेखाली आहे? तीन किंवा जास्त उणिवा असलेल्या घराला "अडचणीत" म्हणा. हा "तीन" आकडाही टप्पा ४ मध्येच ठरवायचा.

उदाहरणादाखल : ऐंशीपैकी ३२ घरं अडचणीत, म्हणजे ४० टक्के. त्या ३२ घरांच्या मिळून उणिवा १२८, म्हणजे घरामागे ४. पुढच्या वर्षी अडचणीतली घरं २० झाली, २५ टक्के. फटाके फोडण्याआधी दुसरी बेरीज करा : त्या वीस घरांच्या उणिवा १३०, घरामागे साडेसहा. एकूण ओझं (उणिवा भागिले ८००, म्हणजे ८० घरं गुणिले १० निर्देशक) पहिल्या वर्षी ०.१६ होतं, आता ०.१६२५. काठावरची घरं वर आली, तळातली आणखी खाली गेली. फक्त टक्का पाहणाऱ्याला हे कळलंच नसतं. बहुआयामी दारिद्र्य मोजण्याची पद्धत जगभर याच दोन पायांवर उभी आहे : किती घरं, आणि किती खोल.

वहीत चौकोन आखून हे हाताने होतं. संगणक हवाच असं नाही.

सावधान : सगळ्याची गोळाबेरीज करून "आमची वस्ती १०० पैकी ६२" असा आकडा फलकावर लावू नका. तो छापायला छान दिसतो, पण दुसऱ्या दिवशी काय करायचं हे त्यातून कुणालाच कळत नाही. दहा निर्देशकांच्या दहा वेगळ्या पट्ट्या लावा, प्रत्येकीवर किती घरं रेषेखाली ते.

## टप्पा ९ : चौकात वाचा, मग झोनला जा

निकाल आधी वस्तीत, उघड्यावर, बोलीत. कोणत्याही घराचा नाही, फक्त गल्लीपर्यंतचा. आणि गल्लीत पाचपेक्षा कमी घरं निवडली गेली असतील तर तोही नाही, कारण लोक लगेच ओळखतात. "चुकलं" असं कुणी म्हणालं तर त्याचं वाक्य लिहून घ्या. मग टप्पा १ चा कागद काढा आणि ते तीन निर्णय तिथेच घ्या.

महापालिकेचे दहा झोन आहेत. आपल्या झोनच्या कार्यालयात जाताना एकच मागणी, एक पान, एक पट्टी. दहा मागण्या नेल्या तर त्यांतली सगळ्यात स्वस्त पूर्ण होते. सोबत त्यांचे आकडेही हवेत : आपल्या भागातून वर्षभरात पाण्याच्या किती तक्रारी गेल्या, किती दिवसांत निकाली निघाल्या. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली दहा रुपयांचा अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हा अर्ज फेरी सुरू व्हायच्या आधीच टाकून ठेवा, म्हणजे वेळ जुळते.

## टप्पा १० : दुसरं वर्ष

तोच महिना, तेच प्रश्न, तीच रेषा, तीच ऐंशी दारं. प्रश्न सुधारायचा मोह होईल. सुधारलेला प्रश्न अकरावा म्हणून घाला, जुना तसाच राहू द्या.

आणि एक गोष्ट जी आम्हाला फार उशिरा कळली. दुसऱ्या वर्षी आकडे सुधारले, सगळे खूश. मग कुणीतरी वही चाळली तर ऐंशीपैकी नऊ दारांत दुसरीच माणसं होती. रस्ता झाला, भाडं वाढलं, जुने भाडेकरू उठून गेले, आणि त्यांच्याजागी बऱ्या पगाराची माणसं आली. वस्ती सुधारली होती, पण ज्यांच्यासाठी मोजायला घेतलं ते त्यात नव्हतेच. म्हणून दुसऱ्या फेरीत दारावर पहिला प्रश्न हा : तुम्ही इथे कधीपासून? वर्षापेक्षा कमी असेल तर त्या घराचा फॉर्म वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा, आणि शेजाऱ्यांना विचारून आधीचे लोक कुठे गेले ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहा.